काळ्या मातीत विष्णुक्रांता लावायची तर खणू नका, वाफा उंच करा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या राजेंद्र नगरात घरापुढे दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा आहे, दिवसभर ऊन असलेला. आधीचं लॉन दोन उन्हाळ्यांत गेलं, कारण नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो आणि बोरिंग मार्चअखेरीला आटतं. मग कोणीतरी सुचवलं की विष्णुक्रांता लावा, जमिनीलगत पसरते, निळी फुलं येतात, आपल्या माळावरचीच आहे, पाणी मागत नाही. तुम्ही जूनमध्ये नर्सरीतून वीस रोपं आणली, आणि ऑगस्टच्या झडीत त्यातली सतरा कुजली. आता विचारताय की रोपंच वाईट होती की ही वनस्पती इंदूरला येतच नाही. येत असेल तर बारा महिने हिरवी राहील का, आणि तिच्यावरून चालता येईल का.

इंदूरला येते, आणि छान येते. पण तुमच्या सतरा रोपांना पाण्याच्या कमतरतेने मारलेलं नाही, पाण्यानेच मारलंय. कोरड्या बागेचा विचार करताना आपण सगळे उन्हाळ्याची काळजी करतो. मालव्यात माळावरच्या झाडाची खरी परीक्षा असते जुलै-ऑगस्टमध्ये. वर्षाचा ३५ ते ४० इंच पाऊस इथे जेमतेम चार महिन्यांत पडतो, आणि तो पडतो अशा मातीवर जी ओली झाली की फुगून बंद होते आणि पाणी खाली जाऊ देत नाही.

ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही, एक वाफा गमावून कळली. बागा लावायला लागून मला चोवीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात एका घरी अशीच कोपऱ्यातली जागा होती, चांगली काळीभोर माती. मी त्यात शेणखत मिसळलं, जमीन भुसभुशीत केली, रोपं लावली. जुलैत ती इतकी जोमाने वाढली की घरच्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. ऑगस्टमध्ये पाच दिवस झड लागली, आणि सहाव्या दिवशी रोपं वरून हिरवी असूनही हाताला सैल लागली. एक उपटून पाहिलं तर मातीला टेकलेल्या जागी, खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे, साल ओल्या सुतळीसारखी बोटात निघून आली आणि आतला काडीएवढा गाभा उघडा पडला. मूळ खाली शाबूत होतं, फांद्या वर शाबूत होत्या, मधला अर्धा इंच गेला होता. तुमच्याकडे मेलेलं एखादं रोप अजून पडलं असेल तर तेवढंच पाहा. बहुतेक हेच दिसेल.

त्यानंतर मी ही वनस्पती जिथे आपली आपण वाढते तिथे जाऊन बघायला लागलो. पाताळपाणीकडे किंवा चोरलकडे पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर रस्त्याच्या कडेला, खडकावर चार-सहा बोटं मुरूम साठलेला असतो तिथे ती पसरलेली दिसते. कुसळी गवताच्या बुंध्यांमधून, उताराच्या बाजूला. तिथून दहा पावलं खाली उतरलं की शेताची काळी माती लागते, सोयाबीन उभं असतं, आणि तिथे ती औषधालाही सापडत नाही. पाऊस दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की मुरमावर पडलेलं पाणी तासाभरात निघून जातं आणि काळ्या मातीत आठ दिवस बसून राहतं.

आता नावाचा घोळ, कारण तुमच्या वीस रोपांत तोही असणार. विष्णुक्रांता म्हणजे शास्त्रीय नावाने इव्हॉल्व्युलस अल्सिनॉइडिस. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये जिचं नाव येतं तीच, मात्र पुष्कळ ठिकाणी तिच्या नावावर गोकर्णाचं पान दिलं जातं, कारण संस्कृतात दोघींनाही विष्णुक्रांता म्हटलेलं आहे. गोकर्ण वेल आहे, आधाराला धरून वर चढते. आपली विष्णुक्रांता वेलाच्या कुळातली असूनही कशालाच गुंडाळत नाही. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘पीळ सोडलेली’ असा आहे. तिसरी शंखपुष्पी. तीही जमिनीलगतच असते, पण फूल पांढरं किंवा फिकट गुलाबी आणि नरसाळ्यासारखं. शंका आली तर भिंग घेऊन फुलाच्या मध्यात बघा. शंखपुष्पीच्या फुलात मधोमध एकच दांडी असते आणि ती टोकाला दुभंगते. विष्णुक्रांतेत मुळातच दोन दांड्या असतात आणि दोन्ही दुभंगतात, म्हणजे चार बारीक टोकं दिसतात. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

नर्सरीत ‘विष्णुक्रांता’ किंवा ‘शंखपुष्पी’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा चौथंच असतं: ब्लू डेज. ते ब्राझीलकडचं, याच वंशातलं झाड आहे. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, गडद निळं, पानं जाडसर आणि करडी, गोल झुडुपासारखी वाढ. आपल्याकडचीचं फूल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, फिकट आभाळी, मध्यावर पांढरं. फांद्या सुतासारख्या बारीक आणि जमिनीलगत पसरलेल्या. पानं आणि फांद्या रेशमी लवेने भरलेल्या असतात. नोव्हेंबरात सकाळी सातला पाहिलंत तर त्या लवेवर दव इतकं बारीक बसलेलं असतं की अख्खा वाफा राख पसरल्यासारखा पांढुरका दिसतो. आठ-साडेआठला दव उडतं आणि फुलं उघडतात, दुपारी मिटतात. ब्लू डेज लावायला माझी हरकत नाही, ते रान माजवत नाही. पण त्याला उन्हाळाभर आठवड्याला पाणी लागतं आणि साचलेलं पाणी त्यालाही चालत नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणीच नाही, म्हणून माझ्या मते ते तुमच्या कामाचं नाही.

तुमच्या जागेवर काय करायचं ते आता सांगतो. पहिली गोष्ट, खणू नका. सगळे माळी सांगतील की फूटभर माती काढून मुरूम भरा, पण काळ्या मातीत असं केलं की तो खड्डा हौद होतो. चहूबाजूंनी आणि खालून घट्ट चिकणमाती, मध्ये मोकळा मुरूम, त्यामुळे आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन बसतं. मुरूम आहे त्या जमिनीवर, वर चढवायचा. सहा इंच पुरतो, आठ झाला तर उत्तम. तुमच्या दीडशे चौरस फुटांना सहा इंचांनी पंचाहत्तर घनफूट भर लागते, म्हणजे पाऊण ब्रास. दोन भाग मुरूम, एक भाग तुमचीच काळी माती, एक भाग जाड रेती किंवा क्रशरची चुरी, असं मी मिसळतो. मुरूम लाल-पिवळा, हातात घेतला तर खडे लागतील असा हवा. बांधकामाच्या साइटवरचा नको, त्यात सिमेंट आणि चुना असतो. कडेला विटा किंवा दगड लावा पण त्यांच्यामध्ये सिमेंट भरू नका, पाणी त्या फटींतून निघायला हवं. उतार घरापासून दूर, पाच फुटांना एक इंच.

शेणखत, गांडूळखत, युरिया, काही घालायचं नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी काहीतरी लपवतोय. सकस जमिनीत विष्णुक्रांता लांब, लुसलुशीत, बसकी व्हायच्याऐवजी उभट वाढते. आणि खत दिलं की तिच्याआधी लव्हाळा आणि हरळी उठतात. भुकेल्या जमिनीत जगणं हेच तिचं बळ आहे. ते आपण काढून घेतलं की ती इतर तणांपुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट, रोपांची संख्या. विष्णुक्रांतेच्या फांद्या जमिनीवर पसरतात पण पेरापेराला मुळं सोडत नाहीत. हरळी धावते तशी ही धावत नाही. प्रत्येक रोप आपल्या खोडाभोवती एक गोल झाकतं आणि थांबतं. मधल्या मोकळ्या जागा पुढे तिच्याच बियांनी भरतात. म्हणून सुरुवातीलाच रोपं २५ सेंटिमीटरवर, वीतभर अंतरावर लावावी लागतात. चौरस मीटरला सोळा. तुमची जागा साधारण चौदा चौरस मीटर, म्हणजे सव्वादोनशे रोपं. वीस रोपं जगली असती तरी जमीन झाकली गेली नसती, आणि मोकळ्या जमिनीवर पहिल्या पावसात गाजर गवत आलं असतं.

सव्वादोनशे रोपं विकत घ्यायला खरी विष्णुक्रांता मिळणार नाही, ती बियांपासून करावी लागते. माळावरून उपटून आणू नका. मोठ्या रोपाचं खोडमूळ खडकाच्या फटीत गेलेलं असतं, ते तुटतं आणि रोप लागत नाही. रालामंडलसारख्या अभयारण्यातून तर काहीही आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. रस्त्याकडेच्या रोपांची थोडी बोंडं घेतली तर त्यांचं काही बिघडत नाही. दहा रोपांतून एकाचीच घ्यायची, असा माझा नियम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंडं धण्यापेक्षा किंचित लहान, तपकिरी आणि कागदी होतात. पिकलं की ती फुटून बी सांडतं, म्हणून बोंडं असलेल्या फांद्या कापून कागदी पिशवीत उलट्या टांगून ठेवतो. एका बोंडात बहुधा चारच बिया असतात, तेव्हा दोन-तीन सकाळी घालवायची तयारी हवी.

हे बी तसंच पेरलं तर फार थोडं उगवतं. कवच इतकं कडक असतं की पाणी आत शिरतच नाही. रानात ते दोन-तीन वर्षांत हळूहळू झिजतं. मी बारीक पॉलिश पेपरचे दोन तुकडे घेतो, मध्ये चिमूटभर बिया ठेवतो आणि लाडू वळताना तळवा फिरवतो तसा हलक्या हाताने अर्धा मिनिट फिरवतो. चकाकी गेली की थांबायचं. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरायच्या, ज्या तशाच राहिल्या त्या पुन्हा घासायच्या. चहाचे कागदी कप मला ट्रेपेक्षा बरे वाटतात. तळाला दोन भोकं पाडायची, निम्मी रेती निम्मी माती भरायची, प्रत्येकात दोन-तीन बिया, वर मातीचा अगदी पातळ थर. हिचं मुख्य मूळ सरळ खाली जातं, उथळ ट्रेमध्ये ते गोल फिरतं आणि पुढे जमिनीत गेलं तरी गोलच राहतं. कप फाडून मूळ न हलवता लावता येतं. पेरणी मेच्या मध्यावर, लागवड जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर.

मधले महिने रिकामे नाहीत. तुम्ही जमिनीचं वर्णन केलंत त्यावरून तिथे लव्हाळा आहे, आणि तुमचा खरा शत्रू तोच आहे. त्याच्या गाठी वीतभर खाली असतात आणि वरून सहा इंच मुरूम चढवला तरी तो भेदून वर येतो. मुरूम टाकण्याआधी हिवाळ्यात दोन-तीनदा कुदळ मारून हाताला लागतील तेवढ्या गाठी वेचा. एप्रिलमध्ये जमीन एकदा नीट भिजवा, टँकरची बादलीभर जास्त गेली तरी चालेल, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबून टाका. काळं नको, पारदर्शकच, कारण ऊन आत जाऊन माती तापायला हवी. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाच-सहा आठवड्यांत वरच्या थरातलं तणाचं बी बहुतेक मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी काही वाचतात, हे आधीच सांगून ठेवतो. त्या पुढे खुरप्यानेच निघतील. जूनच्या सुरुवातीला प्लॅस्टिक काढून मुरूम चढवा.

लागवडीनंतर मी रोपांच्या मधल्या जागेवर बोटभर जाडीची बारीक गिट्टी पसरतो, आणि खोडाभोवतीही तीच सरकवतो. तो मघाचा अर्धा इंच आठवतोय ना, सालीचा, तो कोरडा राहावा एवढ्यासाठी. गिट्टीवरून पाणी ओघळतं, पावसाच्या थेंबांनी चिखल उडून पानांना चिकटत नाही, आणि तण आलं तर लगेच दिसतं. पालापाचोळ्याचं आच्छादन इतरत्र मी मनापासून सुचवतो, इथे नाही. ते ओल धरतं.

पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला अर्धा तास खुरपं घेऊन बसणं भाग आहे. यात सवलत नाही. माळी ठेवणार असाल तर त्याला रोप हातात देऊन ओळख करून द्या, कारण फुलं नसताना ती खरोखर तणासारखीच दिसते. माझ्या दोन जागी माळ्यांनी ‘कचरा है साब’ म्हणत अर्धा वाफा साफ केला होता. त्यांचा दोष नाही, त्यांना आजवर हे उपटायलाच सांगितलं गेलं.

पाणी: पहिला पावसाळा संपल्यावर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत दहा-बारा दिवसांनी एकदा, नीट मुरेल असं. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, संध्याकाळी. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात महिन्याला एक पाणी दिलं तरी खोडमूळ जगतं. रोज शिंतोडे मारू नका, त्याने मुळं वरच राहतात.

आता तो प्रश्न ज्याचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. बारा महिने हिरवी राहत नाही. जुलै ते डिसेंबर हिरवी-करडी आणि सकाळी निळी, जानेवारी-फेब्रुवारीत विरळ, आणि एप्रिल-मेमध्ये वरचा भाग वाळून गवताच्या काडीच्या रंगाचा होतो. मेलेली नसते. खोडाशी नखाने किंचित खरवडलं तर आत हिरवं दिसतं, आणि पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत तिथूनच कोंब फुटतात. मला ती मेमधली काडीही आवडते, कारण तेव्हा आपला सगळा मालवाच त्या रंगाचा असतो. पण घरात कोणाला ते उजाड वाटणार असेल तर आधीच बोलून घ्या. मी पाहिलंय की मेच्या मध्यावर कंटाळून लोक पेव्हर ब्लॉक टाकून घेतात, आणि मग त्या अंगणात पावसाचं पाणी मुरायची जागाच उरत नाही. बोरिंग दरवर्षी आणखी लवकर आटण्याचं एक कारण आपल्या कॉलन्यांतली ही बंद अंगणंही आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उन्हाळ्यातला उजाडपणा कमी करायचा तर वाफ्यात मधूनमधून कोरफडीचे चार-पाच गड्डे आणि दोन मोठे दगड ठेवा, नजर तिथे थांबते.

चालण्याबद्दल: कधीतरी पाय पडला तर चालतं, रोजची वाट सोसत नाही, आणि मुलांचं क्रिकेट तर अजिबात नाही. फाटकापासून दारापर्यंत कोटा फरशीचे तुकडे पावलांच्या अंतराने टाका, फांद्या त्यांच्या कडांवर येऊन बसतात आणि छान दिसतं. तुम्ही धुण्याच्या जागेजवळच्या ओल्या पट्ट्याचंही विचारलं होतं. तिथे विष्णुक्रांता नको, रतवेल लावा, जिला जलपिंपळी म्हणतात. ती आपलीच आहे, पेरापेराला मुळं धरते, ओल तिला आवडते आणि पायाखाली दबली तरी उठते. शेजाऱ्यांनी दिलेली पिवळ्या फुलांची वेडेलिया मात्र तिथेही लावू नका. ती मध्य अमेरिकेकडची आहे, ओलीत बेफाम पसरते, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे, आणि तिचा तुटलेला एक तुकडाही नाल्यात गेला तर पुढे जाऊन रुजतो.

हे सगळं सांगताना मी दोन गोष्टी गृहीत धरल्यात. एक, तुमच्याकडे सहा तास तरी थेट ऊन आहे. शेजारी मजला चढला आणि सावली आली तर फुलं निम्म्यावर येतील. दुसरी, राजेंद्र नगरातही सगळीकडे काळी माती सारखी खोल नाही. कुठे दीड फुटावरच पिवळा मुरूम लागतो. एकदा पहारीने फूटभर खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओता. ते मुरलं की दुसरी बादली ओता आणि घड्याळ लावा. दुसरी बादली दोन तासांत मुरली तर चार इंच भरही पुरेल. रात्रभर तशीच राहिली तर आठ इंचांखाली जाऊ नका.

आणि जी तीन रोपं वाचलीत ती आत्ता हलवू नका. त्यांच्या खोडाभोवतीची ओली माती हाताने दोन इंच मागे ओढा, तिथे मूठभर बारीक गिट्टी घाला, आणि फुलांचा आकार मोजून बघा. नाण्याएवढं असेल तर ब्लू डेज, त्यांना दिवाळीनंतर कुंडीत घ्या. बटणापेक्षा लहान असेल तर खरी विष्णुक्रांता तुमच्याच अंगणात आहे, आणि ऑक्टोबरात बी शोधायला चोरलपर्यंत जायची गरज नाही.